वॉर्डाचा फोन

देवास
२९ मे २०२२

चि. सौ. स्वप्नाली,

आमच्या माहेरी पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहीत, आणि महूच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस उजव्या कोपऱ्यात तारीख घालायला लावत. मी आयुष्यभर, शाळेत शिकवायचे तेव्हाही, दोन्ही करत आले. आज 'श्री' लिहायचा राहिला, तारीख मात्र आहे.

तुझा फोन स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर सापडला. आधी वाटलं, विसरलीस. मग पाहिलं तर शेजारी चार्जर नीट गुंडाळून ठेवलेला. विसरणारं माणूस चार्जर गुंडाळत नाही. आता तुला फोन करायचा तर कुठे करायचा? तुझ्या वडिलांचा, दत्ताजीरावांचा, नंबर रणवीरकडे आहे आणि पोटच्या पोराकडे तो मागायचा नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून पत्र. तुझी शाळा हिंदीतली, मराठी वाचताना तू अडखळतेस, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. अडलं तर वडिलांकडून वाचून घे.

शेजारीपाजारी रणवीरने सांगितलंय की सुट्टी लागली म्हणून तू आरोहीला घेऊन धारला माहेरी गेलीस. मीही तेच सांगते. खोटं नाहीच ते. सुट्टी आहे, माहेर आहे, आरोही आहे.

फोन सारखा वाजतो. पहिल्या दिवशी मी वाजू दिला. दुसऱ्या दिवशी उचलला, कारण कुकरची शिट्टी आणि तुझा फोन दोन्ही एकदम ऐकवेनात. पलीकडून एक बाई म्हणाली, "दीदी, टैंकर नी आयो." मी म्हटलं, मी दीदी नाही, दीदीची सासू. तर म्हणते, "तो आप ही बोल दो ना उसको." कुणाला बोलू? मग तुझ्या फोनमधली नावं पाहिली. टँकर भिया, नाली भिया, लाइट भिया, पेंशन मॅडम. खरी नावं कुणाचीच नाहीत. टँकर भियाला फोन केला, सिस्टर ॲग्नेसनी शिकवल्याप्रमाणे आधी माझं नाव सांगितलं, मग काम. दुपारी टँकर आला. मला जरा अभिमान वाटला. संध्याकाळी बकुळा आली होती, फॅक्टरीच्या क्वार्टर्समधली तुझी बकुळा, ती म्हणाली, "आईसाहेब, त्याने तुमचं नाव नाही ऐकलं, नंबर बघितला."

आता मुख्य गोष्ट. बुधवारी पालिकेच्या निवडणुकीसाठी आरक्षणाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि आपला वॉर्ड लेडीजमधून सुटून जेंट्स झाला. त्याच संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयात रणवीरने सगळ्यांसमोर सांगितलं की तू थकली आहेस आणि आता घर बघणार आहेस. तू शेजारीच बसली होतीस आणि काही बोलली नाहीस. हे मला नीलेश भियाने सांगितलं, तो पक्षाचा माणूस, त्याच्या बोलण्यातलं अर्धं सोडून देते. उरलेल्या अर्ध्यानेही तुला वाईट वाटलं असणार. पण स्वप्नाली, नियमच तसा निघाला तर भांडायचं कुणाशी? चिठ्ठीशी? पार्षद म्हणून पाच वर्षं तुझी झाली, आता पुरुषांची पाळी. रणवीरने ते नीट सांगायला हवं होतं, एवढंच.

शाळा उघडायच्या आत ये. आरोहीला माझा पापा.

तुझी
आईसाहेब


देवास
४ जून २०२२

चि. सौ. स्वप्नाली,

मागच्या पत्रात नियमाबद्दल मी जे लिहिलं ते खोडून टाक.

झालं असं. तुझ्या फोनवर आता कामांपेक्षा निरोपाचे फोन जास्त येतात. "दीदी से कहना, अब तो जेंट्स आ गया, उन्होंने बहुत किया हमारे लिए." कुणी गेल्यावर घरी भेटायला येतात ना, तसा आवाज काढून बोलतात. मी तुझ्या वतीने धन्यवाद म्हणते. एक म्हातारी तर रडली. मी म्हटलं, अहो, ती धारला आहे, सुखरूप आहे.

परवा पेपरात वॉर्डांची सगळी यादी आली होती. मला छापलेलं काही दिसलं की वरपासून खालपर्यंत वाचायची सवय आहे. पलीकडच्या वॉर्डासमोर लिहिलं होतं 'अनारक्षित महिला'. आपल्यासमोर नुसतं 'अनारक्षित'. मी 'अनारक्षित पुरुष' कुठे आहे ते शोधत शेवटपर्यंत गेले. कुठेच नव्हतं. चष्मा पुसून पुन्हा गेले.

रणवीर जेवत होता. मी पेपर त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, यात पुरुष कुठे लिहिलंय?

"कुठेच नाही, आई. ते लिहायचं नसतं. समजायचं असतं."

"म्हणजे बाई उभी राहू शकते?"

"कायद्याने तर तूही उभी राहू शकतेस." हसला आणि आणखी एक पोळी मागितली. मग माझ्याकडे पाहून जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "लेडीजना लेडीज सीट आहेत ना, आई? मग आमच्यात कशाला?"

मी पोळी वाढली.

तुला हे ठाऊक होतं, असणारच, पाच वर्षं तू त्या सभागृहात बसलीस. मला नव्हतं. बकुळाला नव्हतं. त्या रडणाऱ्या म्हातारीला नव्हतं. सगळा वॉर्ड समजून बसलाय की लेडीज सीट गेली म्हणजे दार बंद झालं, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. म्हणजे तू त्या संध्याकाळी गप्प बसलीस ती नियमामुळे नव्हे. मग कशामुळे, ते मी विचारणार नाही. नवऱ्याने चारचौघांत बायकोच्या वतीने बोलून टाकल्यावर बायको काय बोलणार? नाही म्हणाली तर तो तोंडावर पडतो, हो म्हणाली तर ती.

दुपारी पडल्या पडल्या तुला पाहायला आलो होतो ते आठवत होतं. धारला, देवीसागर तळ्याच्या बाजूचं तुमचं घर, उन्हाळा. तुझे मामंजी कोचावर ताठ बसलेले, दरबाराचे मानकरी असल्यासारखे, जरी त्यांच्या आजोबांचं तिथलं काम हिशेबनिसाचं होतं. तू पोह्यांचा ट्रे घेऊन आलीस. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि बायकांचा गलका. तू ट्रे माझ्याच हातात दिलास, "एक मिनिट हं" म्हणालीस आणि खाली गेलीस. मी खिडकीतून पाहिलं. तू हंडे-बादल्यांची रांग लावत होतीस, आणि एका दांडगट माणसाला शेवटी उभं करत होतीस. तुझी आई शरमेने लाल झाली होती. तुझे मामंजी मला हळूच म्हणाले, "हिला घ्यायची." मला त्या वेळी वाटलं होतं त्यांना पोहे आवडले.

आणखी एक आठवलं. दसऱ्याला आपल्याकडे पुढच्या खोलीत गादी घालतात, घरातला कर्ता पुरुष बसतो आणि मोहल्ला येऊन त्याला सोनं देतो. तू निवडून आल्यावरही गादीवर रणवीरच बसला, ते साहजिकच होतं, कुणाच्या मनातही दुसरं आलं नाही. पण लोक पुढे एक पान ठेवायचे आणि मागे फिरून स्वयंपाकघराच्या दारी यायचे. वर्षागणिक ती मागची रांग वाढत गेली. गेल्या दसऱ्याला तर तुझ्याकडे पद नव्हतं, मुदत संपून दीड-पावणेदोन वर्षं होऊन गेलेली, तरी पुढे तबकात मोजकी पानं आणि मागे ओट्यावर आपट्याचा ढीग. रणवीर पाणी प्यायला आत आला, ढिगाकडे पाहिलं, पाणी न पिताच परत गेला. तू तेव्हा दाराशी कुणाची तरी पेंशनची तक्रार ऐकत होतीस. मी पाहिलं.

आईसाहेब


देवास
११ जून २०२२

चि. सौ. स्वप्नाली,

आजपासून फॉर्म भरणं सुरू झालं. आपल्या घराचा रिवाज तुला माहीत आहे, कुठल्याही कागदावर पहिली सही घरातल्या वडीलधाऱ्याची. तुझे मामंजी गेल्यापासून ती माझी. रणवीर सकाळी आंघोळ करून, नवा कुडता घालून माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, प्रस्तावक तू हो."

तो लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला असाच उभा राहायचा, गुण चांगले असले की. मला त्याचा राग येत नाही, हे तू समजून घे. वीस वर्षं त्याने पक्षासाठी सतरंज्या उचलल्या, झेंडे लावले, पुढाऱ्यांच्या गाडीचं दार उघडलं. सात वर्षांपूर्वी त्याचा नंबर लागायचा होता आणि नेमका वॉर्ड लेडीज निघाला. कितीतरी दिवस तो कुणाशी बोलला नाही. मग एके दिवशी फॉर्म घेऊन आला, तू पोळ्या लाटत होतीस. "फक्त सही कर, बाकी मी बघतो." तू पिठाचे हात पुसून सही केलीस. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा आणि तुझा लहान, लग्नाच्या अल्बममधून कापलेला, डोक्यावर पदर. लोकांनी त्यालाच हार घातले. त्याच्या मनात ती सीट त्याची होती, तुझ्याकडे ठेवायला दिलेली. इथल्या जुन्या घरांना ही पद्धत नवी नाही. गादीचा वारस लहान असला की बाईसाहेबांनी कारभार पाहायचा आणि वेळ आली की मुकाट्याने आत जायचं. रणवीर हे शब्दांत कधी बोलला नाही, पण त्याला ते तसंच वाटतं, हे मी त्याची आई म्हणून सांगते.

फक्त कारभार पाहता पाहता तू कारभारी झालीस, त्याला कोण काय करणार? सुरुवातीला सभागृहात तुम्ही बाया पुढे आणि तुमचे नवरे मागच्या खुर्च्यांवर, शाळेच्या पहिल्या दिवशी पालक बसतात तसे. मग त्याला डेंग्यू झाला आणि तू एकटी गेलीस. आल्यावर चपला न काढता आत आलीस. "आईसाहेब, मी बोलले. नालीचं बोलले. कुणी हसलं नाही." तेव्हापासून तू एकटीच जाऊ लागलीस.

आणि मुदत संपल्यावर लॉकडाऊन लागला. रणवीर म्हणाला, आता तू पार्षद नाहीस, फोन उचलू नकोस. तू म्हणालीस, "त्यांना कुठे माहीत आहे?" दुसऱ्या लाटेत तुझे मामंजी गेले, त्यांच्या तेराव्यापर्यंतसुद्धा तू फोनवर कुणाकुणाला सिलिंडर मिळवून देत होतीस. नातेवाइकांनी नावं ठेवली. मी आतल्या खोलीत पडून असायचे, ऐकायचे. त्या दिवसांत घरात तो एकच आवाज होता जो पुढच्या दिवसाबद्दल बोलत होता.

तर सही. मी रणवीरला म्हटलं, करते, आनंदाने करते. एक कर मात्र. तू स्वतःच सगळ्यांना सांगत फिरलास की वॉर्ड जेंट्स झाला. आता त्यांना सांग की झाला नाही, कुणीही उभं राहू शकतं. मग ते तुला निवडोत.

"आई, ही निवडणूक आहे, तुझी शाळा नाही."

"म्हणूनच म्हणते. शाळेत मी तुला पास केलं असतं."

तो गेला. सही झालेली नाही. दुपारी तुझ्या फोनवर कुणी तरी निरोपाचं बोलायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, बहनजी, एक बात सुनो, वो जेंट्स सीट नहीं है, खुली सीट है, कोई भी खड़ा हो सकता है, आप भी. तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "दीदी भी?" मी म्हटलं, दीदी भी. त्यापुढे काही म्हटलं नाही. मी प्रचार करत नाही. चुकीचं उत्तर तसंच राहू देणं मला जमत नाही, एवढंच. त्यानंतर जितके फोन आले तितक्यांना तेच सांगितलं.

आईसाहेब


देवास
१४ जून २०२२

स्वप्नाली,

स्पीड पोस्टने टाकते आहे, परवापर्यंत मिळावं. हे पान वडिलांकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

मी तुला ये म्हणत नाही आणि येऊ नकोसही म्हणत नाही. फक्त कळवते. फॉर्म शनिवारपर्यंत घेतात. पक्षाचं तिकीट अजून कुणालाच जाहीर नाही. अपक्षाला तिकीट लागत नाही, प्रस्तावक लागतो, तो त्याच वॉर्डाचा मतदार हवा. मी त्याच वॉर्डाची मतदार आहे. मतदार कार्ड कपाटातून काढून पर्समध्ये ठेवलं आहे.

उभी राहिलीस तर या घरात काय होईल ते मला दिसतं, तुलाही दिसत असेल. न राहिलीस तर काय होईल तेही दिसतं. तुझं तू ठरव. या वेळी तुझ्या वतीने कुणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही.

बकुळा विचारत होती, "दीदी परत येणार का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "तर मग आमच्या क्वार्टरची पुढची खोली रिकामी करून ठेवू का?" या बायका उत्तराची वाट बघत नाहीत.

आईसाहेब


देवास
२५ जून २०२२

चि. सौ. स्वप्नाली,

याला तिकीट लावायची गरज नाही. चार गल्ल्या सोडून क्वार्टर्सपर्यंतच पत्र जायचंय, बकुळाबरोबर पाठवते. सोबत आरोहीचा गणवेश, आंब्याचं लोणचं आणि तुझी निळी साडी, प्रचाराला ती बरी, मळत नाही.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी तू स्वयंपाकघराच्या दाराने आलीस, त्याचं मला हसू आलं. सून असून मागच्या दाराने. मी तुला चहा विचारला तर म्हणालीस, "आधी सही." अगदी पूर्वी रणवीर म्हणाला होता तसंच. मी सही केली. वळणदार आली, नन्सनी अक्षरावर मारून मारून पक्का केलेला हात आहे. फोन परत देऊ लागले तर तू म्हणालीस, "तुमच्याकडेच राहू द्या, आईसाहेब. मला फिरायचंय, आणि कामं थांबायला नकोत." म्हणून मी इथे बसून टँकर भियाशी भांडते आहे. तो आता मला घाबरतो.

घरचं सांगायचं तर रणवीरला तिकीट मिळालं नाही. नीलेश भियाने तू फॉर्म भरल्याचं ऐकलं आणि म्हणाला, ज्याच्या घरात दोन उमेदवार त्याला पक्ष कसं तिकीट देणार? तिकीट एका ठेकेदाराला गेलं. रणवीरने स्वतः भरलेला अर्जही मागे घेतला. नीलेश भियाला ठेकेदारालाच द्यायचं होतं असं माझं मत आहे, तू फक्त निमित्त झालीस. पण रणवीरला ते पटत नाही. तो आपल्या दुकानातच जेवतो, रात्री झोपायला येतो. माझ्याशी बोलतो ते इतकंच, गीझर बंद कर, दार लाव. काल मात्र विचारलं, "तिला चिन्ह काय मिळालं?" मी म्हटलं, पंखा.

पंख्यावरून आपल्या वॉर्डात विनोद सुरू झालेत ते तुझ्या कानावर आले असतील. लाइट गेली की लोक म्हणतात, दीदी, पंखा तो बंद पड़ गया. तू म्हणे उत्तर दिलंस, लाइट भिया का नंबर मेरे पास है. बकुळाने सांगितलं. मी दोनदा हसले.

ठेकेदाराची माणसं म्हणतात, घर की लड़ाई है, औरत घर नहीं सँभाल सकी, वॉर्ड क्या सँभालेगी. आणि काही चांगल्या घरच्या बायका मला भाजीवाल्यापाशी गाठून म्हणाल्या, काकी, लेडीज सीटवर उभी राहिली असती तर आम्ही दिलंच असतं की मत, पण ही तर सगळ्यांची सीट. मी त्यांना विचारलं, मग तुम्ही सगळ्यांत नाही का? त्या हसल्या. मला वाटतं त्या मत देणार नाहीत. तुला खोटं कशाला लिहू?

रणवीरला जेवायला बोलवू नकोस, समजवायलाही जाऊ नकोस. सध्या त्याला रागवू दे. त्याचं बरंच काही गेलं आहे, आणि त्यात तुझा हात आहे, आणि तुझी चूक नाही. या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आमच्या पिढीला ते कुणी शिकवलं नाही.

आईसाहेब


देवास
२१ जुलै २०२२

चि. सौ. स्वप्नाली,

काल मतमोजणीहून तू सरळ बकुळाकडे गेलीस ते बरं केलंस. इथे बसायला आलेल्या लोकांना मी चहा दिला. थोडक्यात हरली, असं सगळे म्हणत होते. ठेकेदाराच्या माणसांनी आपल्या दारावरून ढोल नेला, दाराशी जरा जास्तच वेळ वाजवला. मी ओसरीत बसून शेंगा सोलत होते, सोलत राहिले.

आल्या-गेल्यांत एकीने विचारलं, "पाँच साल बाद फिर से लेडीज़ निकलेगा क्या?" मी म्हटलं, निघो न निघो, तुला काय करायचंय? तिला आधी कळलं नाही. मग कळलं असावं, कारण ती हसून म्हणाली, "अच्छा, वो पंखे वाली बात, खुली सीट वाली."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. इतकी मतं या वॉर्डात एका बाईला कुणी सांगितल्याशिवाय, चिठ्ठी निघाल्याशिवाय, नवऱ्याच्या फोटोशिवाय पडली, याचाच मी विचार करत होते. तुझ्या मामंजींना सांगायला हवं होतं. ते आकडा ऐकून नुसतेच मान हलवत बसले असते.

आता आज सकाळचं. मी देवघरात होते, फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा रणवीरने उचलला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, तुझ्या मतदारांना हळू बोलता येत नाही.

"दीदी से बात कराओ."

रणवीर म्हणाला, "दीदी हार गई हैं."

"हाँ, मालूम है. वोट हमने भी डाला था. नल में मट्टी आ रही है."

तो तसाच उभा राहिला, फोन कानाला. मी दिव्याची वात पुढे केली. मग त्याने फोन जरा लांब धरून मला विचारलं, "नळवाला कोण?"

"नल भिया. त्यातच आहे."

त्याने शोधलं, लावला. आधी स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडे कुणी ओळखलं नसावं, कारण तो अडला. मग म्हणाला, "स्वप्नाली दीदी के यहाँ से बोल रहा हूँ." काम सांगितलं, पत्ता दोनदा सांगितला. फोन ठेवल्यावर त्याने तो बाहीने पुसला आणि म्हणाला, "हा तिच्याकडे असायला हवा, आई. इथे काय उपयोग?"

मी म्हटलं, मग देऊन ये.

तो बूट घालतोय, तेवढ्यात हे लिहिते आहे. फोन आणि चार्जर त्याच्याजवळ देते. चार्जर मी तू गुंडाळला होतास तसाच गुंडाळला आहे. त्याला आत बोलवायचं की दारातूनच फोन घ्यायचा, हे तुझं तू ठरव. मी त्याला एवढंच सांगितलंय की वाटेत वाजला तर उचल, आणि थांबा, दीदींनाच देतो, असं म्हण.

वाजेलच. चार गल्ल्या आहेत.

आईसाहेब